दार-एस-सलामचे शाहीर

परदेशी जाऊन आलेला मराठी माणूस दोन गोष्टींविषयी हमखास लिहितो. एक तिथली स्वच्छता आणि दुसरी, तिथे आपल्याला न मिळालेला चहा. मी या दोन्हींविषयी लिहिणार नाही. एक तर मी गेले होते त्या गावची स्वच्छता आपल्यासारखीच रस्त्यागणिक बदलणारी. आणि चहा म्हणाल तर तिथे त्याला 'चाय'च म्हणतात आणि आले घालून उत्तम करतात. मी लिहिणार आहे गाण्यांविषयी. तीही अशी गाणी, की ती ऐकून माझ्या गुरुजनांनी कानांवर हात ठेवले असते. खरे सांगायचे तर त्याआधी दोनच महिने मीही ठेवलेच होते. तेव्हा आधी ती हकीकत सांगून टाकते, म्हणजे माझ्या मनावरचे ओझे थोडे हलके होईल.

मी कॉलेजात मराठी शिकवते. दरवर्षी काव्यवाचनाच्या स्पर्धेसाठी मुलांच्या कविता निवडण्याचे काम माझ्याकडे असते. २०२३ च्या सप्टेंबरात बी. ए. च्या दुसऱ्या वर्षाचा एक मुलगा दोन फुलस्केप कागद घेऊन आला. त्याच्या वस्तीत दर तिसऱ्या दिवशी येणाऱ्या पाण्याच्या टँकरवर त्याने 'रॅप' लिहिले होते. मी लाल शाईचे पेन उघडले. शुद्धलेखनाच्या चौदा चुका दुरुस्त केल्या आणि खाली शेरा मारला: 'वृत्त नाही, छंद नाही, सबब काव्य नाही.'

"मॅडम, एकदा म्हणून दाखवू का?" तो म्हणाला. "हे वाचायचं नसतं. ऐकायचं असतं."

"जी कविता कागदावर उभी राहत नाही, ती तोंडात कशी उभी राहणार?" मी म्हणाले.

मागे उभी असलेली मुले हसली. वाक्य चांगले जमले म्हणून मीही मनातून खूश झाले. मुलाने कागदांची चौघडी केली, खिशात घातली आणि तो निघून गेला. मायमराठीची आपण मोठीच सेवा केली, अशा समाधानात मी घरी आले आणि दिवाळीच्या फराळाची यादी करू लागले.

त्या वर्षी माझी भाऊबीज आफ्रिकेत व्हायची होती. माझा धाकटा भाऊ गेली बारा वर्षे टांझानियात दार-एस-सलामला नोकरी करतो. "ताई, दर वर्षी मनिऑर्डरीसारखी ओवाळणी पाठवायचा मला कंटाळा आला आहे. आता तूच ये," असे त्याने फोनवर निक्षून सांगितले. घरच्यांनीही, आठ दिवस आपापल्या हाताने चहा करून घेण्याची तयारी दाखवली. मी चकल्यांचा डबा हातात धरून विमानात बसले आणि मुंबईपासून सहा-साडेसहा तासांत हिंदी महासागराच्या पलीकडल्या काठावर उतरले.

'दार-एस-सलाम' म्हणजे शांतीचे घर. एकोणिसाव्या शतकात, १८६० नंतर, झांझिबारचा सुलतान माजिद याने हे गाव वसवायला घेतले, तेव्हा त्याच्या कानांवर दालादालांचे भोंगे पडायचे नव्हते. दालादाला म्हणजे तिथल्या खाजगी छोट्या बसगाड्या. दारात लोंबकळणारा कंडक्टर, खिडक्यांतून बाहेर आलेली कोपरे आणि या सगळ्यांवर मात करणारे, पत्रा थरथरवणारे गाणे! दादर स्टेशनवर वाढलेल्या मला अगदी माहेरी आल्यासारखे वाटले.

माहेरपणाची दुसरी खूण भाषेत सापडली. दुकानाला तिथे 'दुका' म्हणतात, गाडीला 'गारी', पैशाला 'पेसा', साबणाला 'साबुनी', रंगाला 'रांगी', हिशेबाला 'हेसाबू', विम्याला 'बिमा' आणि सरकारला 'सेरिकाली'. काही शब्द अरबांनी तिकडे नेले, काही फारसीतून गेले, काही आपल्याकडच्या व्यापाऱ्यांच्या गलबतांतून. आणि ऑटोरिक्षाला काय म्हणतात? 'बजाजी'! आकुर्डीच्या कारखान्याचे नाव स्वाहिली भाषेत असे सामान्यनाम होऊन बसलेले पाहून मला उगाचच पुण्याचा अभिमान वाटला.

अशाच एका बजाजीत बसून तिसऱ्या दिवशी मी कारियाको बाजाराकडे निघाले होते. वहिनी बरोबर होती. चालक माझ्याच वयाचा, कानशिलांवर पांढरे केस आलेला. त्याने गाणे लावले. संथ ठेका, त्यावर एक जड आवाज, आणि तो आवाज गात नव्हता, बोलत होता. म्हणजे रॅपच! माझ्या कपाळाला आठी पडली. पण शिक्षकाची खोड जात नाही. मी विचारले, "काय आहे हे?"

"हाली हालिसी," तो म्हणाला.

मी चमकले. मला स्वाहिली येत नव्हती. पण हे दोन शब्द भाषांतराशिवाय समजले. 'हाली' म्हणजे हाल, आपण हालहवाल म्हणतो तो. 'हालिसी' म्हणजे खालिस, अस्सल, निर्भेळ. खरी परिस्थिती! आणि आपल्या मराठीत 'हाल' या शब्दाने मधल्या काळात सोसलेला भोगही अंगावर घेतला आहे. बेकारी, पोलिसांचा जाच, गरिबाची परवड आणि पुढाऱ्यांचे राजकारण यांविषयीचे ते गाणे होते, तेव्हा आपला अर्थही त्याला चुकीचा नव्हता.

चालक मोडक्या इंग्रजीत सांगू लागला. हे गाणे १९९८ चे. गाणारा मिस्टर टू, ऊर्फ सुगू. खरे नाव जोसेफ म्बिलिन्यी, म्बेया गावचा. "तेव्हा मी विशीत होतो. काम नव्हतं. घरचे म्हणत, हे गाणं म्हणजे उहूनी आहे."

'उहूनी' म्हणजे गुंडगिरी, मवालीपणा. मी खिडकीबाहेर बघू लागले. माझ्या लाल शेऱ्याचे स्वाहिली भाषांतर इतक्या लवकर ऐकायला मिळेल, असे वाटले नव्हते.

त्या संध्याकाळपासून मी या गाण्यांच्या मागे लागले. भावाच्या शेजारी एक निवृत्त शिक्षक राहतात. माध्यमिक शाळेत तीस वर्षे त्यांनी स्वाहिली शिकवली. त्यांना सगळे 'म्वालिमू' म्हणतात. अरबी 'मुअल्लिम'चेच ते रूप. टांझानियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष ज्युलियस न्येरेरे यांनाही लोक म्वालिमूच म्हणत आणि ते नाव त्यांनी सार्थ केले होते, कारण राज्यकारभार करता करता त्यांनी शेक्सपिअरची दोन नाटके स्वाहिलीत आणली. 'व्हेनिसच्या व्यापाऱ्या'ला त्यांनी 'माबेपारी' म्हटले. हा 'बेपारी' म्हणजे आपल्या गुजराती बांधवांचा 'वेपारी'! मीही मास्तरीण आहे हे कळताच शेजारच्या म्वालिमूंनी मलाही म्वालिमू करून टाकले, आणि भाऊबिजेच्या दिवशी चकल्या खात आम्हां दोन मास्तरांचा वर्ग सुरू झाला.

त्यांनी सांगितलेली हकीकत अशी. रॅप न्यूयॉर्कहून इथे पोचले ते १९८० नंतर, कॅसेटींतून. ज्यांचे नातेवाईक परदेशी होते त्या सुखवस्तू घरांतली मुले आधी ते ऐकत आणि जसेच्या तसे इंग्रजीत म्हणत. रॅप इंग्रजीतच शोभते, अशी त्यांची समजूत! मग १९९१ साली 'यो! रॅप बोनान्झा' नावाची एक स्पर्धा झाली. तीत सालेह जाबिर नावाच्या तरुणाने त्या वेळी गाजत असलेले एक अमेरिकन रॅप घेतले आणि त्यात सरळ स्वाहिली शब्द भरले. तो जिंकला. १९९३ मध्ये 'क्वान्झा युनिट' हा गट निघाला. तीही मुले इंग्रजीकडून हळूहळू स्वाहिलीकडे आली. त्याच सुमारास सरकारी नभोवाणीची मक्तेदारी संपली, १९९४ मध्ये 'रेडिओ वन' सुरू झाले, आणि गाणे बंगल्यांतून वस्त्यांत उतरले.

या उतरण्याला तिथे मोठा अर्थ आहे. गोऱ्यांच्या राजवटीत शहराचे तीन भाग होते: गोऱ्यांची उझुंगुनी, हिंदी लोकांची उहिंदिनी आणि बाकी सगळ्यांची उस्वाहिलिनी. मधल्या म्नाझी म्मोजाच्या मोकळ्या मैदानाने पहिल्या दोन भागांना तिसऱ्यापासून दूर ठेवले होते. कायदे गेले, तरी अंतरे जायला वेळ लागतो. इंग्रजी रॅप हे पहिल्या दोन भागांचे खेळणे होते. ते स्वाहिलीत आले आणि मैदान ओलांडून गेले. या संगीताला नाव पडले 'बोंगो फ्लेवा'. 'उबोंगो' म्हणजे मेंदू. दार-एस-सलामचे लाडके नाव 'बोंगो', कारण त्या शहरात टिकायचे तर डोके हवे.

उत्तरेला केनियातही असेच घडत होते. नैरोबीच्या दांडोरा वस्तीतून, जिथे त्या शहराचा सारा कचरा येऊन पडतो तिथून, 'कालामाशाका' नावाचे त्रिकूट पुढे आले. त्यांच्या गाजलेल्या गाण्याचे नाव 'ताफसिरी हिई', म्हणजे 'याचे भाषांतर करून दाखव'. मला तर ते आव्हान थेट विद्यापीठांच्या भाषाविभागांना दिल्यासारखे वाटले.

"पण म्वालिमू," मी माझा हुकमाचा पत्ता टाकला, "याला काव्य म्हणायचं का?"

म्हातारे हसले. "आमची मुलं गाण्याच्या ओळींना काय म्हणतात ठाऊक आहे? 'माशाइरी'. एक असेल तर 'शाइरी'. कवी तो 'म्शाइरी'."

मी हातातली बशी खाली ठेवली. शाइर, शायर, शाहीर! राम जोशी आणि होनाजी बाळा यांना आपण ज्या शब्दाने नमस्कार करतो, तोच शब्द समुद्रापलीकडे जाऊन वस्तीतल्या पोरांच्या तोंडी बसला होता.

मग त्यांनी जुन्या शाइरीचे व्याकरण सांगितले. कडव्यात चार ओळी. ओळीत सोळा अक्षरे, आठ-आठच्या दोन तुकड्यांत. अक्षरांच्या या मापाला 'मिझानी' म्हणतात, म्हणजे तराजू. मध्ये आणि शेवटी जुळणारे यमक ते 'वीना'. फिरून फिरून येणारी ओळ ती 'किब्वागिझो', आपले धृपद. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मोंबासाला मुयाका नावाचा कवी होऊन गेला. त्याने धर्मविषयांत रमलेली कविता बाजारात आणली आणि शेजारच्या बंदरांतल्या कवींशी पद्यात जाहीर भांडणे केली. एकाने प्रश्न टाकायचा, दुसऱ्याने त्याच छंदात उत्तर द्यायचे. वाचकहो, कलगी आणि तुरा वेगळे ते काय?

"१९७४ साली केझिलाहाबींचा 'किचोमी' हा मुक्तछंदाचा संग्रह निघाला," म्वालिमू म्हणाले, "तेव्हा आम्ही मास्तर लोक पुष्कळ भांडलो. यमक गेलं, तराजू गेला, आता कविता बुडाली! आणि यमक परत कोणी आणलं? या मवाली पोरांनी. तराजू ते पाळत नाहीत. व्याकरणाची तर हाडं मोडतात. मला अजूनही राग येतो. पण माझ्या वर्गात ज्या मुलाला चार ओळी पाठ होत नव्हत्या, तो यांच्या शंभर ओळी म्हणून दाखवायचा. मग मला प्रश्न पडला, की नापास कोण झालं?"

या प्रश्नावर मी त्यांना आणखी एक चकली वाढली. दुसरे उत्तर माझ्याकडे नव्हते.

जाता जाता त्यांनी मला एक निरोप दिल्यासारखे सांगितले. "तुमच्या मुंबईचे आमच्यावर उपकार आहेत बरं का!" ही गोष्ट सिती बिंती साद हिची. झांझिबारजवळच्या खेड्यातली ही बाई मडकी विकत असे. तिथे 'ताराब' नावाची दरबारी गायकी होती. ती अरबीत गायची रीत. सितीने ती स्वाहिलीत गायली. १९२८ साली ती आपल्या साथीदारांसह बोटीने मुंबईला आली आणि तिने ध्वनिमुद्रिका दिल्या. पूर्व आफ्रिकेतल्या बायकांत तबकडीवर गाणारी ती पहिली. तिची गाणी नुसती प्रेमाची नव्हती. एका खटल्यात गुन्हेगार निसटला आणि साक्ष देणाऱ्या बायकांनाच शिक्षा झाली, त्यावरही तिचे गाणे आहे. म्हणजे 'हाली हालिसी' सत्तर वर्षे आधीच सुरू झाली होती, आणि तिची पहिली छपाई आपल्या मुंबईत झाली होती!

मला यात एक सूत्र दिसू लागले. परक्याची चाल घ्यायची आणि तिच्यात आपले शब्द घालायचे. असे झाले की आधी जाणकार नाक मुरडतात, मग लोक गाऊ लागतात आणि शेवटी जाणकारांचीच मुले त्यावर प्रबंध लिहितात. आपल्या संगीत नाटकांतली कित्येक पदे कानडी आणि हिंदुस्थानी चालींवर बेतलेली नव्हती का? त्याने मराठी बुडाली नाही. चाल बाहेरून आली म्हणून भाषा मरत नसते. ती मरते आपल्या मुलांना तिच्यात बोलावेसे वाटेनासे झाले म्हणजे.

पण हे सारे गोड-गोड आहे, असे मात्र कोणी समजू नये. खरी परिस्थिती सांगण्याची किंमत असते. प्रोफेसर जे, म्हणजे जोसेफ हाउले, याने 'न्डियो म्झे', म्हणजे 'होय, साहेब', या गाण्यात निवडणुकीतल्या पुढाऱ्याची अशी नक्कल केली, की सारा देश हसला. त्याची आश्वासने आभाळाएवढी आणि प्रत्येक आश्वासनाला लोकांचे उत्तर 'होय, साहेब'! मग पुढचे गाणे आले, 'सियो म्झे', 'नाही, साहेब'. २०१० मध्ये सुगू विरोधी पक्षातर्फे म्बेयाहून संसदेत निवडून गेला; २०१५ मध्ये तो पुन्हा आणि मिकुमीहून प्रोफेसर जेही निवडून आला. २०२० मध्ये दोघे हरले. त्याआधी, २०१८ मध्ये, अध्यक्षांचा अपमान केल्याबद्दल सुगूला पाच महिन्यांची कैद सुनावली गेली आणि त्यातले काही महिने त्याने भोगले. एप्रिल २०१७ मध्ये रोमा नावाच्या रॅपरला दार-एस-सलामच्या ध्वनिमुद्रणगृहातून साथीदारांसह पळवून नेले. तीन दिवसांनी ते सापडले. हे ऐकताना मला माझे लाल पेन आठवले. पेन आणि तुरुंग यांत फार मोठे अंतर आहे, हे खरे. पण 'तुझे म्हणणे आम्ही ऐकणार नाही' हे दोघांचे वाक्य एकच.

निघायच्या आदल्या संध्याकाळी पावसाने उघडीप दिली होती. आम्ही कोको बीचवर गेलो. तिथे 'मिहोगो' मिळतो, तळलेला कसावा, वर तिखट आणि लिंबू. एका बाजूला मोठमोठ्या कर्ण्यांतून प्रेमगीते चालली होती. आता बोंगो फ्लेवा म्हटले की बहुतेकांना अशी नाचरी प्रेमगीतेच आठवतात. डायमंड प्लॅटनम्झसारख्यांनी ती आफ्रिकाभर नेली आहेत. "आमचं हिपहॉप निराळं," असे सांगणारी मुले जरा पलीकडे, वाळूत कडे करून उभी होती. एक जण तोंडाने ठेका धरी. मध्ये एक उभा राहून चार ओळी टाकी. समोरचा त्याच यमकात परतवी. कडे हसे, ओरडे, पुढच्याला आत ढकली. म्वालिमू माझ्या कानाशी भाषांतर करत होते: घरभाडे, बजाजीचा हप्ता, इंग्रजीत नापास झाल्यामुळे बंद झालेली शाळा. तिथे प्राथमिक शिक्षण स्वाहिलीत आणि माध्यमिक इंग्रजीत असते. त्या उंबरठ्यावर किती मुले अडखळून पडतात, हे मला कोणत्याही अहवालापेक्षा त्या चार ओळींनी अधिक सांगितले.

आणि मग ते घडले. म्वालिमूंनी मुलांना सांगितले, की या बाई भारतातल्या म्वालिमू आहेत, आपल्या भाषेतली कविता शिकवतात. झाले! सारे कडे माझ्याकडे वळले. "म्वालिमू! म्वालिमू!" भाऊ बाजूला पाहून हसत होता. मी पंचेचाळिशीची, नेसलेल्या साडीला वाळू लागलेली, वाऱ्याने अंबाडा सुटलेला. काय म्हणणार? तोंडात आला तो तुकोबांचा एक लहान अभंग. आठ अक्षरे, आठ अक्षरे, शेवटी यमक.

मी वर्गात म्हणते तसा तो म्हटला. दुसऱ्या चरणाला त्या मुलाने ठेका धरला. तिसऱ्याला माझा आवाज आपोआप त्या ठेक्यावर पडू लागला. एका अक्षराचीही ओढाताण करावी लागली नाही. म्वालिमू बोटे मोजत होते. अभंग संपला तसे ते मोठ्याने म्हणाले, "आठ आणि आठ! मिझानी!" मुलांनी टाळ्या वाजवल्या. एकाला अर्थ हवा होता. मी सांगितला. तो म्हणाला, "हा माणूस कुठल्या वस्तीत राहतो?"

मी म्हणाले, "देहूला. पण त्यालाही लोकांनी सांगितलं होतं, की तुझ्या वह्या पाण्यात टाक."

बोलून गेले आणि घशाशी आवंढा आला. इतकी वर्षे ही गोष्ट मी वर्गात सांगत आले. दर वेळी मी तुकोबांच्या बाजूने उभी असते.

परत आल्यावर कॉलेज उघडले त्याच दिवशी मी त्या मुलाला बोलावले. तो कॉलेजात नव्हता. वडिलांच्या आजारपणामुळे त्याने नोकरी धरली होती. कार्यालयातून नंबर घेऊन मी फोन केला. "मला ते रॅप ऐकायचं आहे," मी म्हणाले.

पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग तो नम्रपणे म्हणाला, "मॅडम, तो कागद मी टाकून दिला. आता लिहीत नाही मी."

काय बोलावे मला सुचेना. मी चुकले, एवढे म्हटले. मग त्याला 'हाली हालिसी' पाठवले आणि खाली लिहिले, 'शब्द कळले नाहीत तरी ऐक. हे वाचायचं नसतं.'

आठ दिवस काही आले नाही. नवव्या दिवशी रात्री अकराला फोन वाजला. लिहिलेले काही नव्हते, आवाज होता. मागे रिकाम्या घागरीवर बोटांचा ठेका, आणि त्यावर टँकरची वाट पाहणाऱ्या एका वस्तीची हकीकत. मी ती अंधारात, गॅलरीत उभी राहून दोनदा ऐकली. ऱ्हस्वदीर्घाची एकही चूक ऐकू आली नाही.